फ्रेंच यादीतली राहिलेली दुरुस्ती

प्रिय कुंदाताई,

यंदाही यादी जाणार आहे. पुरवणीची संपादक मेघना हिने काल दुपारी फोन करून पक्कं केलं: वर्षाच्या शेवटच्या रविवारी अर्धं पान, वर्षभरातले फ्रेंच सिनेमे, मजकूर शुक्रवारी सहापर्यंत. तुम्ही गेलात हे तिला माहीत आहे. तरी म्हणाली, "सर, नेहमीसारखंच द्या." तुमच्याशिवाय नेहमीसारखं कसं द्यायचं, हे मी विचारलं नाही. एवढंच सांगितलं की यादीच्या वर गेल्या वर्षीच्या यादीतली एक दुरुस्ती जाईल.

ती दुरुस्ती तुम्ही मागितली होती. म्हणून हे पत्र.

तिकडे फ्रान्समध्ये नवे सिनेमे बुधवारी लागतात, हे मला तुम्हीच सांगितलं. धरमपेठेतल्या तुमच्या फ्रेंचच्या शिकवणीवर मी एक बातमी करायला आलो होतो. भाषा चार वाक्यांपुढे गेली नाही, पण यादीच्या नादाने मी तुमच्याकडे येतच राहिलो. दर बुधवारी तुम्ही वहीत नावं उतरवायच्या आणि मला फोनवर वाचून दाखवायच्या. त्यातले जे इथे ऑनलाइन मिळतील ते आपण वाटून घ्यायचो. नियम एकच: शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय सिनेमा यादीत नाही.

पडद्याखालच्या इंग्रजी ओळी तुम्हाला कधी पटल्या नाहीत. "हे लिहिणारा घाईत होता गा. ती बाई माफी मागून नाही राहिली, त्याले जा म्हणून राहिली."

गेल्या वर्षी घाईत मी होतो. बंद पडलेल्या साखर कारखान्यातल्या फोरमनचा तो सिनेमा. तासभर पाहिला आणि उरलेला अंदाजाने लिहून टाकला: बाप मुलीला सोडून गावातून निघून जातो. रविवारी सकाळी आठला तुमचा फोन.

"काहून गा प्रकाश, तो बाप कुठं गेला?"

"गाव सोडून गेला ना, ताई."

"स्टेशनवरून वापस येते तो. पोरीच्या शाळेसमोर उभा राहते. झोपला होता का तू?"

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. "दुरुस्ती छाप," म्हणालात.

"ताई, अख्ख्या नागपुरात हा सिनेमा पाहिलाय कोणी?"

"मी पाहिला ना गा."

मी छापली नाही. विसरलो, असंही नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर आपल्याच चुकीसाठी जागा मागायला जायचा कंटाळा आला, एवढंच. त्यानंतर तुमचे बुधवारचे फोन थांबले. खरं सांगू? सुरुवातीचे काही आठवडे बरंच वाटलं. डोळे थकले होते, आणि कोणी उलटतपासणी घेत नव्हतं.

पण तुम्ही तरी एकदा फोन करायचा होता. आजारी आहे, एवढं सांगायला काय झालं होतं? तुम्ही गेल्याचं मला कार्यालयात कळलं, शोकवार्ता तपासताना. सावनेरचं माहेर, धरमपेठेतलं घर आणि 'निवृत्त शिक्षिका'. त्याआधी 'फ्रेंचच्या' हा शब्द मी घातला. तेवढंच काय ते माझ्या हातून झालं.

तेराव्यानंतर तुमची भाची वैशाली बेसा भागातल्या माझ्या घरी वही घेऊन आली. "मावशी म्हणे, प्रकाशचे सिनेमे राहिले आहे, वही त्याले देजो." जानेवारी ते जुलै, एकही बुधवार सुटलेला नाही. सात नावांपुढे तुमच्या अक्षरात 'प्रकाश' लिहिलेलं. रागावलेलं माणूस असं वाटप करत बसतं का, ताई?

सहा पाहून झाले. आजारी आईबापांपलीकडे यंदा तिकडच्या लोकांना फारसं सुचलेलं दिसत नाही. विनोदी म्हणून जे आले ते पाहताना मी दोनदा घड्याळ पाहिलं. एकात नर्स पावणेदोन तास नुसत्या बस बदलते. तोही शेवटपर्यंत पाहिला. एका नव्या दिग्दर्शिकेच्या पहिल्याच सिनेमात मात्र दोन बहिणी आईचं घर रिकामं करताना फ्रीजमधल्या डब्यांवरून भांडतात आणि शेवटी तिथेच ओट्याशी उभ्या राहून ते सगळं खाऊन टाकतात. तो तुम्हाला आवडला असता. तो सगळ्यात वर घेतलाय.

सातवा उद्या दुपारी. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. पूर्ण झाला तरच तो यादीत जाईल. जुलैनंतरचे बुधवार मी उतरवले नाहीत. यादी तिथे थांबेल, आणि का थांबली तेही लिहीन.

आज सकाळी मेघनाने पुन्हा फोन केला. "सर, वर्ष झालं त्याला. कोणाच्या लक्षात आहे?" मी म्हटलं, चूक माझ्या नावाने छाप आणि ज्यांनी पकडली त्यांचं नाव त्याखाली छाप. "बघते," म्हणाली.

पान शनिवारी दुपारी छपाईसाठी लागेल. तेव्हा मी तिच्या टेबलाशी उभा असेन. दुरुस्ती काढली असेल, तर यादीही काढायला लावीन. हा माझा शब्द.

तुमचा,
प्रकाश