आवारातले खुंटे

१४ सप्टेंबर
सारंगखेड्याचं घर पुन्हा पाहिलं. पुढे दोन खोल्या, दोन्हींत भाडेकरू. मधली खोली रिकामी. मागे मोठं आवार, पाण्याची टाकी. मालक हिरालालकाका घर विकून सुरतेला मुलाकडे कायमचे चाललेत. म्हणाले, "दत्ताच्या यात्रेत आवारात विकायचे घोडे बांधतात. दर वर्षी एकच व्यापारी, भंवरजी. त्याचं भाडं धरून चाल."
शाळेत घालण्याआधी आबांनी मांडीवर बसवून मला सातबाराचा उतारा वाचायला शिकवलं होतं. तरी आज घराचा उतारा तीनदा वाचला. चौथ्यांदा आबांनीच हातातून काढून घेतला. "आता बस कर व माय. कागद फाटी जाई."

२ ऑक्टो.
खोल्यांचं भाडं आणि माझ्या पगारातलं थोडं, एवढ्यात हप्ता जेमतेम. वर्षाचे काही हप्ते यात्रेच्या भाड्यावरच. पण त्याचा करार नाही, म्हणून बँकेतल्या बाईंना काल सांगितलं, ते उत्पन्न धरू नका. त्या बघतच राहिल्या. "लोक वाढवून सांगतात हो!"
कर्ज कमी बसलं. आत्याने मुदत ठेव मोडायचं ठरवलं. "मन्ही ठेव बँकमा झोपी ऱ्हायनी. तुन्हा घरमा जागू दे." रडू आलं. आत्या लगेच, "रडू नको, भाडेकरू पळी जातीन."

१९ ऑक्टो.
उद्या बँकेचा माणूस किंमत ठरवायला येणार. आवार झाडलं, गवत काढलं, जुने लाकडी खुंटे उपटून कोपऱ्यात रचले. शेजारच्या शमीमखाला भिंतीवरून बघत होत्या. शेवटचा खुंटा निघाल्यावर आत गेल्या. चहा मात्र पाठवला.

७ नोव्हें.
खरेदीखत झालं. सही करताना आबांचा हात पाठीवर. घर माझं. बँकेचंही. देवा, तुझे उपकार.

१६ नोव्हें.
शमीमखालांना सहज विचारलं, भंवरजी कधी येतात? त्या दचकल्या. "खूँटे तूनेच उखाड़े ना, बेटी? हम समझे तेरेकू घोड़े नहीं होना."
जाताना व्यापारी आपले खुंटे ठोकलेले ठेवतो. म्हणजे पुढच्या वर्षी जागा त्याची. मालकाने उपटले तर नकार. अख्ख्या गल्लीला माहीत, मला सोडून. कोणी बोललं नाही, कारण दुसऱ्याचं आवार, दुसऱ्याची मर्जी.
हिरालालकाकांना फोन केला. भंवरजींचा नंबर? "कधी गरजच पडली नाही, बेटा. खुंटे होते ना."

१७ नोव्हें.
खुंटे परत ठोकायला घेतले. खालांनी हात धरला. "वो अपने हाथ से ठोकता है. तू मत ठोक."
पुसून ओट्यावर उभे करून ठेवले, भंवरजींना रस्त्यावरून दिसतील असे. झोप नाही. पण डबा आला खालांकडून, मुगाची खिचडी.

दत्तजयंतीच्या आधीचा सोमवार
सकाळी दुसराच व्यापारी आला. आवार आवडलं. पैसे रोख, सगळे आत्ताच. नोटा हातावर ठेवल्या. त्यात यात्रेवर टाकलेले सगळे हप्ते निघाले असते.
मी म्हटलं, जागा दिलेली आहे. माणूस यायचा आहे.
"आला नाही तर?"
मी नोटा त्याच्या हातात दिल्या. संध्याकाळी परत येतो म्हणाला.
आबांना फोन. वाटलं, रागावतील. सगळं ऐकून घेतलं. मग, "जागा कोन्ही शे?"
"भंवरजींची."
"मंग मले कसाले इचारी ऱ्हायनी?"

तोच, दुपार
टाकी भरली. गल्लीतून ट्रक चाललेत, आत घोडे. एकेका ट्रकला खाला भिंतीवरून मान हलवतात: नाही, हा नाही.
आत्याचाही फोन. ठेवीचा शब्दही काढला नाही. जेवलीस का, एवढंच. अशी माणसं मला कशी मिळाली कळत नाही.

तोच, दिवेलागण
सकाळचा व्यापारी येऊन ओट्यावर बसलाय. चहा दिला. तोही रस्त्याकडे बघतोय.
गल्लीच्या तोंडाशी एक ट्रक थांबलाय. खालांनी अजून मान हलवलेली नाही.