कॅमेरा दोनवरची सतरा मिनिटं

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. वाकून केला असं समज; कंबर हल्ली कागदावरच वाकते. वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं भाचीकडून कळलं. तिला म्हणावं, डोळे चोळू नकोस. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो मीच दुरुस्त केला. मांजर रुसून शेजाऱ्यांकडे राहायला गेलंय.

एवढं लिहून मी उठले, चहा केला, तो पिऊन कपही विसळला. आता लिहायलाच हवं.

मागच्या महिन्यात संग्रहालयातल्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. टेलिव्हिजनच्या सुरुवातीच्या काळात काम केलेल्यांच्या आठवणी त्या टेप करतायत. तेव्हा सगळं थेट जायचं, साठवून ठेवायची सोय नव्हती; त्यामुळे आपण केलेलं जवळजवळ काहीच शिल्लक नाही. "जे आहे ते तुमच्या डोक्यात आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मग जरा घाई करा."

पहिला तासभर मी गमती सांगितल्या. नावांच्या पाट्या मी ब्रशने लिहायचे आणि दिव्यांच्या धगीने त्यांचे कोपरे पापडासारखे वळायचे. हवामान सांगणारे गृहस्थ नकाशावर कागदी ढग चिकटवायचे आणि ढग त्यांच्याच बाहीला चिकटून परत यायचे. बाई हसून हसून बेजार झाल्या.

मग त्यांनी त्या नाटकाचं विचारलं. आई मुलाचं पत्र वाचते, आणि कॅमेरा हळूहळू तिच्या चेहऱ्याकडे सरकत जातो, ते. अजूनही कुणी म्हातारं माणूस भेटलं की त्या शॉटबद्दल बोलतं.

"कॅमेरा दोनवर माझे दादा होते," मी म्हणाले. इतकी वर्षं म्हणत आलेय, तोंडात बसलंय.

बाईंनी मशीन बंद केलं. "तुमच्या दादांचं रेकॉर्डिंग आधीच झालंय," त्या म्हणाल्या. "त्या नाटकाबद्दल तुमचं बोलून झाल्यावरच तुम्हाला ऐकवायचं, अशी त्यांची अट होती." आणि त्यांनी दुसरी टेप लावली.

किती बारीक झालाय रे तुझा आवाज.

तू म्हणत होतास, "तो शॉट माझा नाही. मला चक्कर आली होती, मी नेपथ्यामागे आडवा होतो. कॅमेरा माझ्या धाकट्या बहिणीने घेतला. ती पाट्या लिहायची. दुपारी स्टुडिओ रिकामा असला की मी तिला शिकवायचो. नोकरी जाईल म्हणून मीच तिला गप्प बसायला सांगितलं. चार वर्षांनी तिने कॅमेऱ्याच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा निवड समितीत मी होतो. अध्यक्षांनी विचारलं, अनुभव आहे का? ती माझ्याकडे बघत होती. मी समोरच्या कागदाकडे बघत होतो. ती 'नाही' म्हणाली."

मग खुर्ची करकरल्याचा आवाज आला, आणि तू म्हणालास, "तिचं नाव लिहा."

मी रडले नाही. ते मी नंतर, भांडी घासताना उरकलं. तेव्हा मात्र बाईंना म्हटलं, "आधीचं पुसा. मशीन लावा. पुन्हा सांगते."

आणि दादा, मी सांगितलं. तुझे हेडफोन घातले तर कानात दिग्दर्शकांचा आवाज, "दोन, तयार?" बोलले तर बिंग फुटेल, म्हणून तू करायचास तसा कॅमेरा वरखाली हलवून 'हो' म्हटलं. स्टुडिओ सांभाळणाऱ्या मामांनी तुला पाय धरून मागे ओढलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. कॅमेऱ्याचं ते धूड ढकलताना खांदे भरून आले. "दोन, आईवर जा. सावकाश." मी गेले. फोकस बोटांना कळत होता, बघावा लागत नव्हता. आईचं काम करणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओघळलं नाही, तिथेच थांबलं, तशी मीही थांबले. कानात कुणीच बोललं नाही. दिग्दर्शक सारखे बोलत असायचे, तुला माहीत आहे. नाटक संपल्यावर म्हणाले, "दोन, असं काम मी आजवर पाहिलं नाही."

ते शब्द मी ऐकलेत, दादा. शाबासकी तुला मिळाली, विभागप्रमुख तू झालास, पण ते वाक्य माझ्या कानात पडलं होतं. त्याच्या जोरावर मी त्या मुलाखतीनंतर दोन वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या नव्या केंद्रावर गेले आणि म्हटलं, अनुभव विचारू नका, कॅमेरा द्या आणि दहा मिनिटं बघा. त्यांनी पाचच मिनिटं बघितलं. पुढची चोवीस वर्षं सामने, मिरवणुका, निवडणुका, सगळं मी टिपलं. भर वाऱ्यात छपरावर दोरीने बांधून घेऊन उभी राहिले. तू पेपरात माझा फोटो पाहिला होतास म्हणे. वहिनीने सांगितलं, तू नाही.

संग्रहालयातल्या जुन्या कॅमेऱ्याशेजारी त्या नाटकाची पाटी लागतेय. 'कॅमेरा दोन' पुढे माझं नाव. बाईंनी ती माझ्याकडूनच लिहून घेतली. वय झालं, पण एकही अक्षर कललेलं नाही. तीन तारखेला उद्घाटन आहे. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या मागितल्यात.

आता जे टेपवर नाही ते.

तू टेपवर स्वतःला दोषी ठरवलंस. मलाही ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तू पडलास तेव्हा मी हातभर अंतरावर होते. तुझे गुडघे दुमडताना मला दिसले. तुझ्या हातातला दांडा सुटला आणि कॅमेराही भलतीकडे फिरायला लागला. दोघांपैकी एकालाच धरता येणार होतं. मी कॅमेरा धरला. तुझ्या कपाळाला कॅमेऱ्याच्या गाड्याचं लोखंड लागलं, चार टाके पडले. तू आजवर सगळ्यांना सायकलवरून पडलो म्हणून सांगतोस. बेशुद्ध होतास म्हणून तुला माहीत नाही.

आणि नाटक संपेपर्यंतची ती सतरा मिनिटं मी मागे वळून पाहिलं नाही. तू शुद्धीवर आलास की नाही, हेही नाही. भीती वाटत होती म्हणून नव्हे. मी इतकी आनंदात होते की मला तुझी आठवणच झाली नाही.

मुलाखतीत तू कागदाकडे बघत राहिलास, तेव्हा मला वाटलं, फिटलं. म्हणून 'नाही' म्हणाले.

टाक्यांबद्दल माफ कर. त्या आनंदाबद्दल मला माफी मागता येत नाही. खूप प्रयत्न केला, जमत नाही. तुला मात्र ते समजेल. कॅमेरा धरायला तूच शिकवलंस.

तीन तारखेला ये. वहिनीला काळा चष्मा लावून आण.

तुझी धाकटी बहीण,
निवृत्त मुख्य कॅमेरामन
(कागदोपत्री शेवटपर्यंत हेच लिहीत होते. मी बदलू दिलं नाही.)