आगीच्या दृश्यांबाबत खुलासा

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. कंबर कशी आहे? भावजींशी रोज बोलणं होतंय ना? चार दिवस तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. (तुझ्या शेजारीणबाई म्हणाल्या की माझं नाव काढलं की तू भांडी आपटतेस. त्यावरून तब्येत ठणठणीत असावी असं धरून चालतो.)

मंगळवारी आमच्या वाहिनीवर काय झालं ते सविस्तर सांगतो. दुपारी बाराला परदेशी वृत्तसंस्थेकडून एकच ओळ आली: भावजी काम करतात त्या बंदरात स्फोट. कशाचा, किती मोठा, काही नाही. आमचे संपादक एका ओळीवर तासभर काढू शकणारे गृहस्थ (त्यांना कुठल्याही समारंभात आभार मानायला उभं करत नाहीत). त्यांनी जुन्या दृश्यांच्या लायब्ररीकडे मागणी केली: बंदर हवं, आग हवी, दहा मिनिटांत हवी. लायब्ररीतल्या कुणीतरी घाईघाईत आठ वर्षांपूर्वीची, भलत्याच देशातल्या गोदामाची आग काढून दिली. त्यावर ‘संग्रहित’ असं लिहिलेलंही होतं, तुझी शपथ. पण ते पडद्याच्या अगदी तळाला, आणि तळाला ‘बंदर बेचिराख?’ ही लाल पट्टी धावत होती. (प्रश्नचिन्ह हा आमच्या धंद्यातला विमा.)

मग तुझा फोन आला. तू रडत नव्हतीस, तेच वाईट होतं. “ते निळं गोदाम जळतंय ना, त्याच्या मागेच यांचं ऑफिस आहे,” म्हणालीस. मी सांगितलं की ते गोदाम तिथलं नाहीच, जुनं चित्र आहे. मला वाटलं, तुझा जीव भांड्यात पडेल. तू विचारलंस, “मग तिथे काय झालंय?”

ताई, आमच्या मजल्यावर साठ माणसं, भिंतीवर बारा टीव्ही, आणि हे एकालाही माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. तुझा फोन तसाच टेबलावर ठेवून मी दुसऱ्या फोनवरून भावजींचा मोबाइल लावला. बंद. ऑफिसचा नंबर नुसता वाजत राहिला. बंदराच्या चौकशी खिडकीवरच्या बाई त्यांच्या भाषेत बोलल्या, मी आपल्या भाषेत बोललो, दोघंही चिडलो. समोर ते गोदाम पाचव्यांदा जळत होतं. चित्र तिथलं नाही हे मला पक्कं ठाऊक, तरी मी त्यात भावजींना शोधत होतो.

बाविसाव्या मिनिटाला ऑफिसचा फोन भावजींनीच उचलला. क्रेनचा ट्रान्सफॉर्मर फुटला होता, दोघांचे हात भाजले होते, त्यांना दवाखान्यात पोचवून ते नुकते परतले होते. तुला ते कळवून मी संपादकांकडे धावलो. “दोघंच?” ते म्हणाले. तरी प्रत्यक्षदर्शी मिळाला म्हणून त्यांनी भावजींना फोनवरून थेट प्रक्षेपणात घेतलं. पुढचं तू पाहिलंसच. निवेदिका विचारतेय ज्वाळा किती उंच आहेत, भावजी सांगताहेत ट्रान्सफॉर्मरचं तेल किती महिन्यांनी तपासावं, आणि त्यांच्या फोटोमागे आठ वर्षांपूर्वीची आग. ज्वाळा नाहीतच, असं त्यांनी तिसऱ्यांदा बजावल्यावर तांत्रिक कारणास्तव संपर्क तुटला.

आता राग सोड. मुलांना गोड पापा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. लायब्ररीतल्या त्या ‘कुणीतरी’विषयी. तिथे एकच माणूस काम करतो. दुसरी, साधी फीतही हाताशी होती. ज्वाळा मोठ्या म्हणून मी ही निवडली. बातमीच्या ओळीत शहराचं नाव वाचलं होतं, ताई. आधी फीत काढली, मग भावजी आठवले.

आणखी ता. क. खुलासा दाखवा असं मी चार दिवस सांगतोय. संपादक म्हणतात, एकाही प्रेक्षकाची तक्रार नाही. तेव्हा तू लिही, आणि फीत कुणी काढली तेही माझ्या नावासकट लिही. (प्रेक्षकांच्या तक्रारींचं कामही माझ्याकडेच; त्या आधी माझ्याच टेबलावर येतात. आजवर मी एकही पुढे पाठवलेली नाही. तुझी पाठवीन.)