उजवीकडे धरायची सवय

बाबा,

मी गवंड्याकडे जाऊन येते. का, ते खाली लिहिलंय.

गाडी गॅरेजला नेऊन आणली. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड पार गुळगुळीत झाली होती आणि आतली जवळजवळ नवी. मेकॅनिक म्हणाला, चाकांची अलाइनमेंट गेलीय, म्हणून गाडी डावीकडे ओढते. म्हणजे खोट गाडीत होती, माझ्या हातात नव्हती. हे वाक्य कृपया परत एकदा वाचा.

त्याने टायर बदलला, चाकं जुळवून दिली. गाडी अगदी सुतासारखी सरळ चालत होती. पण 'स्टिअरिंग जरा उजवीकडे धरून ठेव' हे तुम्हीच मला पहिल्या दिवसापासून शिकवलंत, आणि ती सवय काही गॅरेजमध्ये सुटली नाही. आपल्या फाटकातून आत शिरताना हात आपोआप उजवीकडे गेला. आवाज बराच झाला, पण तुम्ही फक्त कूस बदललीत.

आता गाडी उजवीकडे ओढते. संध्याकाळी आत्याकडे जाताना स्टिअरिंग जरा डावीकडे धरून ठेवा. आणि फाटक उघडायला खाली उतरू नका. ते आता उघडंच असतं.