मूक संमती

२१ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून चार आठवडे सुट्टी. कचेरीतल्या जन्ममृत्यूच्या नोंदी दुसरं कुणी करील. मी 'आधुनिक राजकीय सिद्धांत' करणार. १४ नोव्हेंबरला तोंडी परीक्षा, लॅपटॉपवरून. तिसरा आणि नियमाप्रमाणे शेवटचा प्रयत्न. आधीचे दोन धरायचे नाहीत. एकदा सर्दी होती, एकदा प्रश्न चुकीचे आले.
संकल्पना एकूण अकरा. दिवसाला एक. मग उजळणी आणि थोडं फिरणं.
पास झालो की पदवी, पदवीवर बढती, बढतीवर ओल्डेनबुर्ग शहरात बदली. म्हणजे सासऱ्यांच्या घरातून सुटका. इथे आम्ही तात्पुरते राहतो. एकोणीस वर्षं झाली.

२२ ऑक्टोबर
टाइमटेबल केलं. चार रंगांत. स्वातंत्र्य निळं, सत्ता लाल. फार देखणं झालंय. अभ्यास उद्यापासून.

२३ ऑक्टोबर
'सार्वभौमत्व' उघडलं. दुसऱ्या पानावर होतो तेवढ्यात सासऱ्यांनी खालून काठीने छत ठोकलं. पन्हळीत पानं अडकली होती, शिडी धरायला माणूस हवा होता. धरली. मग त्यांचा गुडघा दुखायला लागला, म्हणून मी चढलो आणि त्यांनी धरली.
हार्म, वय ८३. जन्मभर समुद्राच्या बंधाऱ्यांचे तपासनीस. समुद्राला मागे रेटलेला माणूस, त्याच्यापुढे जावई काय चीज!
तीनला चहा. तीन कप. तिसऱ्याच्या आधी उठायचं नाही, हे आमच्या लेअर गावात पोरालाही माहीत. तिसरा संपेपर्यंत साडेचार. मग डोकं चालत नाही.
तरी दिवस वाया गेला असं नाही. सार्वभौम कशाला म्हणतात ते प्रत्यक्ष पाहिलं. याला फील्डवर्क म्हणतात.

२५ ऑक्टोबर
'नकारात्मक स्वातंत्र्य'. म्हणजे कुणी आड न येणं. एक परिच्छेद वाचला. कुणीतरी आड आलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार
'सामाजिक करार'. नुसतं वाचून काय उपयोग? घरासाठी एक करारच लिहून काढला. सात कलमं. कलम तीन : सकाळी नऊ ते एक छत ठोकू नये. फ्रिजवर लावला. तालेआने वाचला. म्हणाली, छान लिहिलंयस, पण हे बाबांना तोंडाने का नाही सांगत? बायको हुशार आहे, पण सिद्धांताचा पाया नाही.

२९ ऑक्टोबर
कराराच्या पाठीवर सासऱ्यांनी बाजाराची यादी लिहिली. लोणी, बटाटे, खडीसाखर. करार खिशात घालून मीच जाऊन आणलं. खडीसाखर विसरलो. परत गेलो.

१ नोव्हेंबर, शुक्रवार
तालेआला ओल्डेनबुर्गच्या एका वाचनालयात नोकरी लागली. फ्लॅटही बघून आली. तीन खोल्या, खिडकी कालव्यावर. मंगळवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. मी म्हटलं, परीक्षेनंतर. ती म्हणाली, परीक्षेनंतर फ्लॅट नसेल. मी शांतपणे समजावलं की निर्णय विवेकपूर्ण चर्चेतून यायला हवा, घाईतून नाही. ती माझ्याकडे बराच वेळ नुसती बघत राहिली. चर्चा चांगली झाली.

५ नोव्हेंबर, मंगळवार
तालेआने सही केली. एकटीने.
"फोल्कर्ट, मी शनिवारी जातेय," म्हणाली. "तू ये, नाहीतर राहा. पण मला आता थांब म्हणू नकोस."
बाबांचं कोण बघणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्यांची काळजी तू करू नकोस. रागात आहे. उतरेल.

९ नोव्हेंबर, शनिवार
खोकी मीच उतरवली. अठ्ठावीस. सगळी तिची निघाली. माझं सामान म्हणजे काय त्या नोट्स. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्यावर तिने काच खाली केली.
"अजून जागा आहे," म्हणाली.
मी म्हटलं, गुरुवारी परीक्षा आहे ना. तिने मान हलवली. काच लगेच वर केली नाही, हेही लिहून ठेवतो.
तीनला चहा. सासरे आणि मी. तीन कप. चहात सोडलेली साय नेहमीसारखी पसरली नाही, असं ते म्हणाले.
उरल्या संकल्पना आठ, दिवस पाच. घर आता शांत आहे. हे पथ्यावरच पडलं म्हणायचं.

११ नोव्हेंबर
घर फारच शांत. वाचवत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी
जसं झालं तसं लिहितो.
पडद्यावर प्राध्यापक ब्रेटश्नायडरबाई आणि टिपणं घेणारे एक गृहस्थ. वेळ अडीचची. विषय मी निवडायचा होता. मी 'मूक संमती' घेतला, कारण तेवढाच चॅप्टर पूर्ण झाला होता. व्याख्या फाडफाड सांगितली : जो सोडून जात नाही, त्याने तोंडाने हो म्हटलं नसलं तरी त्याचं राहणं हीच संमती. बाईंनी मान डोलावली. आता यावर आक्षेप सांगा म्हणाल्या.
मी उदाहरण दिलं. एक माणूस आहे. सासऱ्यांच्या घरात राहतो. त्याने हो कधीच म्हटलेलं नाही. म्हणजे त्याची संमती नाही.
"त्याला जायची बंदी आहे का?"
"नाही."
"दुसरीकडे जागा नाही?"
"आहे. तीन खोल्या."
"मग तो जात का नाही?"
प्रश्न साधा होता. म्हटलं, त्याची परीक्षा आहे. गृहस्थांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं.
"आणि परीक्षेच्या आधी?" बाईंनी विचारलं. आवाज मऊ होता. तोच लागला.
तेवढ्यात खालून काठी वाजली. तीन वाजले होते. मी उभा राहिलो होतो, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पडद्यावर माझा नुसता स्वेटर दिसत होता.
"बसा ना," बाई म्हणाल्या.
बसलो. पुढचं आठवत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
नापास. पुन्हा बसता येणार नाही.
चहाला सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी दुसरा कप भरला, साय सोडली. मी म्हटलं, तुम्हाला एकटं टाकून मला जाता आलं नाही. ते कपातच बघत होते. मग म्हणाले, "पोर गेली तेव्हा वाटलं, आता तूही जाशील. शेजारच्या गेशेशी बोलूनही ठेवलं होतं, ती वर राहायला येणार होती." कप खाली ठेवला. "तू इथे का राहतोस ते मला एकोणीस वर्षांत कळलं नाही. विचारणं बरं दिसत नव्हतं."
मी तिसरा कप घेतला.
ओल्डेनबुर्ग गाडीने चाळीस मिनिटं. तालेआला फोन करायला हवा, पण आत्ता ती कामात असेल. उद्या शनिवार, गाडीला गर्दी. परवा रविवार.