भरावाखालच्या सह्या

२ एप्रिल १९७३
पारनेरहून ट्रकने पाझर तलावाच्या कामावर पोचलो. दुष्काळामुळे नोकरी लागली म्हणायला लाज वाटते, पण आहे मी खूश. मस्टर कारकून! तंबू, खाट, टेबल सगळं माझं एकट्याचं. ओव्हरसियरने चार्ज घेतल्याचे पाच कागद पुढे केले, मी न वाचता सह्या ठोकल्या. आधीचा कारकून सहादेव न सांगतासवरता निघून गेला म्हणे. त्याची वही खाटेखाली सापडली.

५ एप्रिल
भरावाच्या दगडांवर रोज सकाळी कोळशाच्या खुणा असतात. एका दगडावर एक. कुठे कडं, कुठे तिरक्या रेघा. सहादेवने त्यांना अक्षरं लावून वही भरून टाकली, पण एक शब्द जुळलेला नाही. गणितात शाळेत माझा हात कोणी धरत नसे. मी सोडवणारच.

९ एप्रिल
चार दिवस डोकं फोडलं. अकराच खुणा, रोज त्याच क्रमाने. कोणीतरी माझी टर उडवतंय, म्हणून मजुरांना फैलावर घेतलं. पाणी वाटणारी राहीबाई तेवढी बोलली.

"सायेब, ही अक्षरं न्हाईत, सह्या हायेत. लिवता येत न्हाई तो गडी नांगर काढतो, बाई बांगडी. ही बांगडी माज्या भनीची, चांगुणाची."

चांगुणा मस्टरवर नाही, मी म्हणालो. फाल्गुनात भराव ढासळला, अकरा माणसं खाली गेली, असं तिने सांगितलं. काढली नाहीत. वरून माती ओढून काम पुढे नेलं, आणि बोलेल त्याचं काम जाईल अशी तंबी दिली.

१० एप्रिल
ते कागद आज वाचले. तिसऱ्यावर लिहिलंय, कामावर एकही अपघात झालेला नाही. खाली सहादेवची सही, तिच्याखाली माझी. ओव्हरसियरला जाब विचारला तर हसला, जेवायला बस म्हणाला. त्या हरामखोराचं नाव कागदावर कुठेच नाही. उद्या नगरला जाऊन सगळं सांगणार.

११ एप्रिल, सकाळ
ट्रक आला नाही. खुणांचे ते दगड तंबूच्या दाराशी. आज बारा. बाराव्यावर सहादेवची सही, वहीतल्याच वळणाची.

दुपार
तेरावा. कोरा. खाटेखालून माती वर येतेय — गुडघ्यापर्यंत — ओरडून सांगतोय, सही करवून घेणाऱ्याला धरा, मी नुसता — पण खालच्या अकरांना कुठे वाचता येतं? कागदावर ज्याचा हात, तोच त्यांचा गुन्हेगार —

डाव्या हातात कोळसा कुठून — मी काढत नाहीये — माझंच ना