मालक म्हणायचं नाही

९ फेब्रुवारी १९५९, पौड
सकाळी कोळवणचे धोंडिबा नि त्यांची बायको ताईबाई. साक्ष २६ला, पुण्याला. बैलजोडी विकून यांनी पैसे घातले, बाकीचे शिवरामशेठनं, नि दोघांनी भातगिरणी काढली. ठरलं ते तोंडी, देवळात. आता शेठ म्हणतो, धोंडिबा माझा पगारी गडी, काढून टाकला. गडी ठरले तर रिकाम्या हातानं घरी, भागीदार ठरले तर निम्मी गिरणी.

नाना म्हणाले, "देवळातल्या बोलण्यावर दावा उभा राहत नाही, बाई." आमची दोघांची वकिलीतली भागी मात्र स्टँपपेपरवर. दोघंही वकील, दुसरं काय होणार.

घेतलेला दावा सोडणार नाही. नानांना आवडो न आवडो.

१२ फेब्रु.
घोटाळा सापडला. धोंडिबा शेठला 'मालक' म्हणतात. "मालकानं कुलूप लावलं", "मालक म्हनलं, उद्यापास्नं येऊ नगं". अहो, भागीदाराला कुणी मालक म्हणतं का? तर म्हणे, "थोरला हाय त्यो. नाव कसं घ्यायाचं?"

तासभर घोकून घेतलं. शिवराम म्हणा. "शिवराम... मालक." पुन्हा. "शिवरामशेट मालक." ताईबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मी चिडले, मग मलाही हसू आलं.

नवीन अशील दारात. "वकीलसायेब हायेत का?" मीच वकील म्हटलं. नाना येईपर्यंत बाहेरच उभा राहिला. राहा म्हटलं उभा.

२६ फेब्रु., पुणे
पहिल्या एस.टी.नं तिघं. सरतपासणी, म्हणजे माझे प्रश्न, छान झाली. सगळीकडे 'शिवरामशेट', एकदाही चुकले नाहीत. मी निर्धास्त.

मग शेठचा वकील उठला. फार गोड बोलला. पाऊसपाणी, भात, गिरणीचा पट्टा. मध्येच, "एवढे भागीदार होतात, तर त्या दिवशी गिरणीतून बाहेर का निघालात?"

"मालकानं सांगितलं, मंग निघालो."

संपलं. तो न्यायाधीशांकडे बघून खाली बसला. धोंडिबांना काय झालं ते माझ्या तोंडाकडे बघून कळलं, चेहरा एवढासा झाला.

फेरतपासणीला उठले. काय विचारायचं ते उठेपर्यंत ठरलं नव्हतं. विचारलं, घरी तुमची बायको तुम्हाला काय म्हणते? समोरचा हरकत घ्यायला उठला. साहेब म्हणाले, विचारू द्या.

"मालकच म्हंती की."
"म्हणजे ती तुमच्याकडे नोकर आहे?"

असे भडकले. कोर्टात आहोत हेसुद्धा विसरले. "नोकर कशी? माझ्या बरोबरीनं राबतीया गिरणीत. माझ्या वाट्यातलं निम्मं तिचं हाय."

लोक हसले. साहेब हसले नाहीत, लिहून घेत होते. शेठच्या वकिलानं पुढे काही विचारलं नाही. मला एवढा आनंद झाला की परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती तेही जाणवलं नाही.

ताईबाई खिडकीबाहेर बघत.

२७ फेब्रु.
नाना म्हणाले, "प्रश्न चांगला होता." एवढंच. त्यांच्याकडून हे पुष्कळ झालं. निकाल पुढच्या महिन्यात. लागेल आपल्या बाजूनं. नाही लागला तर अपील, मी आत्ताच सांगून ठेवलंय.

२ मार्च, पौड
ताईबाई आली. एकटी. नवीन लुगडं. खुर्ची दिली तर बसली, एरवी जमिनीवर बसते.

"बाई, परवा कोर्टात ह्ये म्हनलं, निम्मं तिचं हाय."
"हो."
"सायबानं लिवलं. म्या बघितलं."
"हो, लिहिलंय."
"मंग ते माझ्या नावानं करायाला काय करावं लागंल?"

कोर्टातला तो प्रश्न मी दावा वाचवायला विचारला होता. उत्तराचं पुढे काय होईल हा विचार मनात आला नव्हता, खरं सांगायचं तर.

नाना आतून बाहेर आले. "धोंडिबा आपले अशील. त्यांच्याविरुद्ध आपण उभं राहू शकत नाही." कायद्यानं बरोबर. मी म्हटलं, विरुद्ध कशाला? दोघांना बोलावू, भागीचा कागद करू, निकालाआधी. आधी शेठशी कागद नव्हता म्हणून इतका वनवास. आता नवराबायकोतही तोंडीच ठेवायचं? नाना म्हणाले, मी त्यात बसणार नाही. बसतील.

ताईबाईला म्हटलं, घाबरू नकोस, शपथेवर बोललेत ते, आता फिरता यायचं नाही.

ती उठली, पदर सारखा केला.

"कोर्टात बोलल्यात, बाई. घरी अजून बोलल्यालं न्हाईत."

शुक्रवारी दोघांना बोलावलंय. धोंडिबांना निरोप तीच देणार आहे.